दाढदुखीची रजा

दरवर्षी जानेवारीत माझी दाढ दुखते.
वीजमंडळाच्या जालना ऑफिसात
हे आता सगळ्यांना पाठ आहे.
गव्हाणेसाहेब अर्ज न वाचताच सही करतात,
"अजून तीच का, डावीकडची?"
मी गाल धरून हो म्हणते.

सव्वासातची एसटी. बदनापूरला भजी तळायला नुकती सुरुवात,
करमाडला धुकं,
सिडकोला उतरेपर्यंत दाढ बरी.

गळ्यात पास. पासवर छापलेलं:
रत्नमाला बोर्डे, प्रतिनिधी.
कुणाची प्रतिनिधी, ते मी कधी विचारलं नाही.
रांगेत माझ्यापुढे एक पोर्तुगीज बाई,
तिच्या हातात कुणीतरी हुरड्याचा द्रोण ठेवलाय
आणि ती एकेक दाणा
चिमटीत धरून उजेडाला बघतेय.
दारावर मुनीरमामू.
तीस वर्षं केबिनमध्ये कार्बनच्या काड्या जाळल्या,
आता मॉलच्या चौथ्या मजल्यावर पास तपासतात.
"आ गए बाई? दाढ कैसी हय?"
त्यांना एकट्यांना माहीत आहे.

सिनेमा कुठल्याशा थंड मुलखातला.
दिग्दर्शकाचं नाव मी दोनदा वाचलं, दोनदा सांडलं.
एक म्हातारी विहिरीवरचा बर्फ फोडते.
मुलगा गेलाय शहरात, आलेला नाही.
अर्ध्यावर खालची इंग्रजी अक्षरं गेली.
हॉल कुजबुजला. मागून एक शिट्टी.
"अक्षरं लाव रे!"
पडद्यावर म्हातारी करडाला मांडीत घेऊन
बोलायला लागली, बोलतच राहिली,
घशात खडे घोळवल्यासारखी भाषा.
तेव्हा पायरीवरून आवाज आला.
झाडू आडवा टाकून बसलेली गयाबाई
टॉर्चवाल्या पोराला सांगत होती,
"ती म्हणतीय,
तू तरी खाऊन घे रे बाळा."

कुणी हूं की चूं केलं नाही.
किती मिनिटं, मोजली नाहीत.

मग अक्षरं आली.
"काय लिवलंय?" गयाबाईनं विचारलं.
पोरानं अडखळत वाचलं,
म्हातारी मुलाला शाप देत होती,
घराची वाट तुला
कधी सापडू नये.
गयाबाई थोडा वेळ पडद्याकडे बघत बसली.
"तेच की," म्हणाली,
आणि झाडू उचलला.

शेवटची गाडी साडेनऊची. खिडकीची काच बसत नव्हती.
जालना येईपर्यंत कान बधिर.

"काढली का दाढ?" साहेबांनी विचारलं.
"नाही. म्हणाले, पुढच्या जानेवारीत दाखवा."

खिडकीवर एक बाई वाढीव बिलावरून तोंड सोडून बसलेली,
मला, मंडळाला, मीटरला,
मीटर बसवणाऱ्याच्या सात पिढ्यांना.
मी पावतीबुक मिटलं.
विचारलं, "जेवलात का?"
ती थांबली.
बिल तिनं उलटं धरलं होतं.