औषध नाही, नुसती गोळी

फैजपूरच्या स्टँडसमोर माझं मेडिकल.
सुपडू झांबरे सायकलवरून उतरायचा नाही,
एक पाय पायरीवर टेकून
दोन बोटं दाखवायचा.
दोन बोटं म्हणजे दोन पट्ट्या.
मी कधी चिठ्ठी मागितली नाही,
त्याने कधी हिशेब.

थंडी पडली की साऱ्या मळ्यांतून त्याला बोलावणं.
पराट्यांच्या जाळावर वांगी काळी पडेस्तोवर
तो बडगीशेजारी खांदा चोळत बसे,
आणि एकदा मुसळ उचललं की
दीडशे पानांचं भरीत ठेचूनच खाली ठेवी.
थंडी सरली की केळीचे घड, त्याच खांद्यावर.

"भो, हा खांदा काढता आला असता
तं रातच्याले खुंटीवर टांगला असता."
काढता येत नव्हता. म्हणून सकाळी एक,
मुसळाआधी एक,
झोपेसाठी एक.
चौदा वर्षं.

मग एकदा तो सायकलवरून उतरला.
गिऱ्हाईक जाईपर्यंत कॅलेंडर बघत राहिला
आणि हळूच म्हणाला, "रगत पडतं. घरी नको सांगू."
मी मूळव्याधीचं मलम दिलं, इसबगोल दिला,
वर शहाणपण दिलं, तिखट कमी कर म्हणून.
भरीतवाल्याला!
आणि त्याच पिशवीत, त्याने न मागता,
दोन पट्ट्या टाकल्या.

जळगावला मीच नेलं. रक्त साडेसहावर आलेलं,
नखं सोललेल्या लसणीसारखी.
डॉक्टरांनी विचारलं, कुठलं औषध चालू आहे?
"औषध? नाही साहेब," सुपडू म्हणाला,
"मी नुसती गोळी घेतो."
मी भिंतीकडे पाहिलं. भिंतीवर आतड्याचं चित्र होतं.

रात्रभर ते खारट पाणी पिऊन तो रिकामा झाला,
सकाळी दुर्बीण आत गेली.
पडद्यावर गुलाबी बोगदा, वळण, पुन्हा वळण,
आणि उजवीकडे, मोठ्या आतड्याच्या सुरुवातीला,
जखमा. कडा उठलेल्या, मध्ये पांढऱ्या.
एके ठिकाणी वाट आवळून बोटाएवढी.
वांगं बाहेरून जळतं आणि आत गोड शिजतं.
हा माणूस उलटा भाजला होता.

डॉक्टर म्हणाले, खांद्याला सूज आणणारं जे असतं
त्याचंच भावंड आतड्याच्या अस्तरावर राखण करतं.
गोळीला खांदा कळत नाही, आतडं कळत नाही,
ती दोघांनाही कामावरून काढते.
मळ्याचा राखणदार गेल्यावर काय होतं
हे सुपडूला समजावून सांगावं लागलं नाही.
"मंग डुकरं शिरतात," तो म्हणाला.

गोळी बंद झाली. जखमा बऱ्याचशा भरल्या,
रक्त दहाच्या वर गेलं.
खांदा मात्र आहे तिथेच आहे.
त्याचं काय करायचं
ते कुठल्याच कागदावर लिहिलेलं नाही.
नाही म्हणायला एक व्यायाम लिहिलाय: भिंतीवर बोटं चढवायची.
तो चढवतो. कानापर्यंत जातात.

यंदा बामणोदच्या मळ्यात भाच्याने मुसळ धरलं.
सुपडू खाटेवरून नुसता आवाज ऐकत होता.
"तारा राहिल्या अजून. ठेच."
भरीत बरं होतं. बरंच म्हणायचं.

आज दुपारी एक बाई आली, गुडघा धरून,
पदराच्या गाठीतून दहाची नोट सोडत.
एक बोट दाखवलं.
माझा हात सवयीने खणात गेलाही होता.
"मावशी, शौचाला कशी होते?" मी विचारलं.
ती चिडली. "मले गुडघ्याची पाहिजे."
स्टँडवर तिची यावलची गाडी हॉर्न देत होती.