अर्ध्या तासाचा हात

अजमानच्या मॉलमध्ये, दुसऱ्या मजल्यावर,
फलाफलवाल्याच्या शेजारी माझं काउंटर.
दहा हेडसेट. दर खेळाडूनंतर
कपाळाचा घाम पुसायचा,
भिंगांवरून कापड गोल फिरवायचं
आणि पुढच्याला बजावायचं:
निळ्या जाळीबाहेर जाऊ नका, तिथे भिंत आहे.

पोरं ड्रॅगन मारायला येतात.
कमरेची तलवार उपसून हवा कापतात,
आया बाकावर बसून फोनमध्ये असतात.
याकूब मुकादम मात्र एकटा यायचा,
शुक्रवारी, नमाजनंतर,
वीस दिरहमच्या नोटेची घडी आधीच उलगडलेली.
बूट बाहेर काढायचा,
जणू कुणाच्या घरी आलाय.

मूळ हर्णैचा. हमरियाच्या यार्डात फॅब्रिकेटर.
उजव्या हाताची करंगळी
एका प्लेटखाली राहिली, तीन वर्षं झाली.
सोबत अनामिकाही.
जिला धड नाव नव्हतं, तीही गेली.
मी विचारलं नव्हतं. पैसे देताना दिसतंच.

खेळ सुरू झाला की पहिलं गाव लागतं:
गवती छपरं, पाणचक्की, पुलापाशी एक म्हातारा,
जो येईल त्याला तेच सांगणारा,
उत्तरेला राक्षस मातलाय, वीरा.
काउंटरच्या स्क्रीनवर मला सगळं दिसतं.
याकूब उत्तरेला कधी गेलाच नाही.
पुलावर बसायचा,
दोन्ही हात डोळ्यांसमोर धरून
मिटायचा, उघडायचा.
मिटायचा, उघडायचा.
पाच आणि पाच.
मग टोपलीतली सफरचंदं एकेक उचलून
कठड्यावर ओळीनं मांडायची,
तोवर वेळ संपायची.

पाचही बोटं सारखी नसतात, म्हणतो आपण.
तिथे सारखी होती, सगळ्यांचीच,
राजाची, चोराची, वेल्डरची.

रमजानच्या आधी नवी आवृत्ती आली.
मालक खूश: आता कंट्रोलर नको, चार्जिंग नको,
कॅमेरा तुमचे हात बघणार, जसे आहेत तसे.
जसे आहेत तसे, हे मी दोनदा वाचलं.
याकूबला सांगायला हवं होतं.
पण कुणाचा तरी वाढदिवस, बारा पोरं, केक,
आणि तो बूट काढून आत गेलासुद्धा.

पूल. म्हातारा. राक्षस मातलाय.
डावा हात आला, अख्खा.
उजवा आला,
आणि त्याच्या कडेला दोन बोटं लुकलुकत होती:
आहेत, नाहीत, आहेत,
मागे वळत, एकमेकांतून आरपार जात,
खेळाला जणू ठरवता येईना
या माणसाला किती द्यायची.
त्यानं सफरचंद उचललं. निसटलं.
पाण्यात पडल्याचा आवाजही दिला त्यांनी,
अगदी नेमका.

मी धावत आत गेले.
हेडसेटखाली त्याचे ओठ हसत होते.
"बाय," म्हणाला, "आता कुठं खेल खरा झाला.
रात्री खोलीत असंच होतं.
दोघी येतात, खाजतात,
खाजवायला गेलो की नाहीत."

त्यानंतर तीन शुक्रवार गेले.
जुन्या कंट्रोलरची एक जोडी
टिश्यूच्या खोक्यामागे ठेवलीय मी,
गुरुवारी रात्री न विसरता चार्ज करते.
यार्डात ओव्हरटाइम असेल.
सुटीवर गेला असेल, हर्णैला मासळीचे दिवस आहेत.
नंबर मी घेतला नव्हता.

काल शटर अर्धं ओढल्यावर
मी स्वतःच हेडसेट चढवला, पहिल्यांदा.
पुलावर बसले. पाणी बरं काढलंय त्यांनी.
उजव्या हाताची दोन बोटं
तळव्यात घट्ट दुमडून
हात डोळ्यांसमोर धरला.

दोन्ही दिसत होती. दुमडलेली, नखांसकट.
माझ्याबद्दल त्याला
काहीच शंका नव्हती.