कवडीपाट

रोहित दाखवीन असं कबूल केलं होतं,
म्हणून शाल्मली पाचला उठली, हाक न मारता,
आणि उलटा स्वेटर घालून
जिन्यात जाऊन बसली.

सोलापूर रस्ता. जुन्या टोलनाक्यापाशी डावीकडे.
उसाच्या ट्रॉल्या, एक बंद रोपवाटिका,
आणि नदीच्याही आधी भेटला
नदीचा वास.

"मामा, ते बघ! केवढे! पांढरे!"
बंधाऱ्याखाली ते हलत होते एकमेकांना लोटत,
वाऱ्यासरशी एखादा उडायचा थोडासा.
मी दुर्बीण लावली.
फेस होता.
दुर्बीण तिच्या हातात द्यायला
मी जरा वेळ लावला.

सोनटक्के आधीच येऊन बसले होते दगडावर,
कानटोपी, मांडीवर वही.
पालिकेच्या ड्रेनेज खात्यात तेहेतीस वर्षं.
"रोहित इथं नाही गं, ते भिगवणला.
इथं हे आहेत."
हनुवटीनंच दाखवले त्यांनी
भाजल्या विटेच्या रंगाचे चक्रवाक,
तांबड्या काड्यांवर उभे शेकाटे,
आणि वाहत आलेल्या सायकलच्या टायरवर
शेपटी आपटत बसलेला एक धोबी.

"कुठून आले?"
"लडाखकडून. काही त्याच्याही पलीकडून."
"आणि पाणी?"

सोनटक्के थांबले.
मग बोटं मोडत सांगू लागले
आंबील ओढा, नागझरी, भैरोबा नाला,
सोयऱ्यांची नावं घ्यावीत तसे.
"कर्वेनगरात राहता ना?
मग तुमचंही आहे यात."

मी काहीच बोललो नाही, तेव्हा म्हणाले,
"घाणीत किडे होतात, किड्यांवर हे येतात.
पाणी स्वच्छ झालं तर यातले निम्मे जातील.
नाही झालं, तर उरलेले."
उद्या थंडी वाढेल म्हणावं
इतक्या साध्या आवाजात.

वहीत लिहिलं:
चक्रवाक एकोणीस.
शेकाटे, मोजता मोजता उडाले.
फेस, गुडघाभर.

रात्री शाल्मली बेसिनपाशी, तोंडात ब्रश.
"मामा, हे पाणी तिथं कधी पोचेल?"
मला माहीत नव्हतं.
उद्या सकाळी, म्हणालो, अंदाजानं.

तिनं नळ बंद केला.
आणि तोंडातला फेस
तसाच धरून उभी राहिली,
गाल फुगवून,
माझ्याकडे बघत.