उखा जागल्याची जबानी

लिहा कारकूनदादा. नाव उखा, बाप झिप्रू,
गाव बोरदडी, अनेरच्या उजव्या काठाला,
काम जागल्याचं. वय तुम्हीच घाला.
गाव वसलं त्या साली मी रांगत होतो,
आई एवढंच सांगायची.

तुम्ही विचारता, बंड कोणत्या वारी सुरू झालं.
वार मला सांगता येत नाही.
गाव तुम्हीच वसवलंत, तिथून धरा.
आधी नुसती बोराटी होती, ओस गढी,
विहिरीत उगवलेला पिंपळ.
तुमच्या सरकारने कौल दिला,
सात वर्षं माफी, पुढे चढता सारा,
आणि तापीपलीकडून गाडे आले.
गुजर आले, कुणबी आले,
सातपुड्यातून झावरू भिल उतरला.
तुमचीच तगाई, तुमचेच बैल,
सरकारच्या नावाने पहिला नारळ आम्हीच फोडला.
हे आधी लिहा.

मग तंबू आले.
मला दीड आणा रोज, साखळीचं एक टोक धरायला.
उन्हात तापली की तळहाताची साल निघायची,
मी अंबाडीची सुतळी गुंडाळायचो.
गावाची शीव माझ्या पायांना पाठ,
ती मीच साखळीला शिकवली.
हेही लिहा, माझ्यावर आलं तरी.

कोणी रागावलं नव्हतं तोवर.
पोरं निशाणांमागे पळत होती,
हिलाल पाटलाने साहेबाला भरताची वांगी पाठवली.

मग प्रतबंदीचा माणूस आला.
खड्डा खणायचा, मूठभर माती भिजवायचा,
तळहातावर गोळी वळून म्हणायचा, चौदा आणे.
पुढच्या बांधाला म्हणायचा, पाच.
जुगन गुजराने बावीस वर्षं दगड वेचले, त्याला चौदा.
शेजारी ज्याने काडी हलवली नाही, त्याला पाच.
जुगन म्हणाला, दगड परत पसरू का?
लोक हसले.
ते हसणं बरं नव्हतं, मी तेव्हाच ओळखलं
आणि कोणाला बोललो नाही.

तुळसा गुजरिणीच्या शेतात एक उभा दगड आहे.
पहिल्या वर्षी झाडं तोडताना
तिच्या सासऱ्याला वाघाने तिथून नेलं.
पोळ्याला ती दगडाला शेंदूर लावते,
दादरची भाकर ठेवते.
त्या माणसाने दगडाभोवती चार पावलं टाकली
आणि वहीत लिहिलं, पोटखराब.
"काय लिखं रे उखा?"
मी सांगितलं.
ती बराच वेळ उभी राहिली. मग म्हणाली,
"पोट कोनं खराब शे, इचार त्याले."
तो पुण्याकडचा, त्याला कळलं नाही.
मी म्हणालो, बाई पाणी हवं का विचारते.
तो पाणी प्यायला.

त्या रात्री पहिलं निशाण हललं.
कोणी हलवलं? वारा होता.
दुसऱ्या रात्री अकरा गावांत वारा होता.

शनिवारी बाजार भरलाच नाही.
माणसं तंबूंभोवती येऊन बसली,
तीन दगडांच्या चुली मांडल्या, भाकरी भाजल्या.
गोफण नव्हती कोणाकडे, नुसता धूर.
पाटलाने कौलाचा कागद काढला,
घड्यांवर फाटलेला, तुपाचे डाग पडलेला,
म्हणाला, वाचा, तुमचीच मोहोर आहे.
साहेब म्हणाला, ह्याची मुदत संपली.
पाटील काही बोलला नाही.
पागोटं काढून साखळीवर ठेवलं.

साखळी विहिरीत कोणी टाकली?
एक टोक माझ्या हातात होतं.
दुसरं कोणाच्या, ते मला दिसलं नाही,
माणसं फार होती.
बुडताना कडी कडी वाजत गेली, एवढं ऐकलं.

पुढचं तुम्हाला माहीत. धुळ्याहून घोडे आले.
पाटील नेला, जुगन नेला.
विहीर उपसून साखळी काढली
आणि उरलेली शीव
माझ्याच हाताने मोजवली.

झालं. आता वाचून दाखवा.

"अडाणी रयत. अफवा. दंगा. सत्तावीस कैद."

बरं.
पण एवढं बोललो, त्यातली ही मधली जागा
कोरी सोडलीत, चांगली चार बोटं.
तिथे काय,
पोटखराब?