एकोणीस चुण्या

विमानतळावरून बसलेला प्रत्येकजण
पहिला पूल यायच्या आत विचारतोच,
"तुम्ही स्वतः कुठे जेवता?"
डिकीत बॅग ठेवतानाच त्याचे बूट बघून घेतलेले असतात.
त्यावरून सांगतो.

चकचकीत असतील तर नदीकाठची गच्ची.
होडीसारखा पाव येतो, पोटात वितळलेलं चीज,
वर थरथरता पिवळा बलक,
आणि बिलात नदीचेही पैसे धरलेले असतात.

चिखल लागलेला असेल तर स्टेशनमागचं तळघर.
अकरा पायऱ्या उतरा, डोकं सांभाळा.
नानुली राजम्याचं मडकं समोर आदळते,
शेजारी मक्याची भाकरी, आंबवलेल्या कळ्यांचं लोणचं.
कसं झालंय, असं ती विचारत नाही.
मडक्यात काही उरलं तर विचारते,
घरी सगळं ठीक आहे ना?

रात्रभर प्यालेल्यांना पहाटे पाचला
गंधकाच्या न्हाणीघरांपाशी सोडतो.
तिथे खाशी मिळते, रात्रभर उकळलेले बैलाचे पाय,
अळणी. मीठ-लसूण ज्याने त्याने आपल्या हाताने घालायचं.
सर्जन, हवालदार, एकदा तर हळव्या तोंडाचा एक नवरदेव,
सगळे वाफेत मान घालून गप्प.
तिबिलिसीच्या चर्चमध्येही इतकं शांत नसतं.

वाझा भट्टीत कमरेपर्यंत उलटा होतो.
दर वेळी वाटतं, गेला.
मग तलवारीसारखा पाव घेऊन वर येतो.
वीस वर्षांत भुवया उगवलेल्या नाहीत त्याच्या.
त्या पावाचं टोक घरापर्यंत पोचल्याचं
मी तरी ऐकलं नाही.

एवढं सगळं सांगतो.
एक जागा सांगत नाही.

चढावर, शाळेच्या खाली. पाटी नाही, चार टेबलं.
वर पोरं कवायतीच्या उड्या मारतात,
खाली दिवा झुलतो.
लमारा तिथे खिंकाली वळायची.
एकोणीस चुण्या.
अठरा झाल्या की पारी मोडून पुन्हा लाटायची.
आत खिमा, खिम्याचा रस,
वर पिळून बांधलेली शेंडी.
शेंडी धरून उलटी करायची, बारीक चावा, आधी रस प्यायचा.
काटा-चमचा मागणाऱ्याकडे ती स्वयंपाकघरातून बघायची.
नुसती बघायची.
शेंडी खायची नाही, ताटात ठेवायची,
म्हणजे किती खाल्ल्या ते ताटच सांगतं.
माझ्या ताटात एकवीस होत्या
तेव्हा "कोण हा?" म्हणत ती बाहेर आली,
कोपरापर्यंत पीठ.

सहा वर्षं झाली, ती इटलीत आहे, बारीला.
ब्याण्णव वर्षांच्या सिन्योरा इमाकोलाताला
चमच्याने मऊ पास्ता भरवते.
पाच तारखेला पैसे येतात.
मुलीचं कॉलेज त्यातच झालं,
या गाडीचे पुढचे दोन टायरही.

गुरुवारी मी चढावर जातो.
आता तेओ वळते, लमारानेच शिकवलेली.
चष्मा लावून चुण्या मोजतो, मगच उचलतो.
मार्चमध्ये एकदा सतरा भरल्या.
काही बोललो नाही.
त्याच आठवड्यात पोरीचं ठरलेलं लग्न मोडलं होतं.
रस तोच होता.

नऊला फोन येतो.
"डॉक्टरांनी सहाच सांगितल्यात. दाखव ताट."
मी फोन ताटावर धरतो.
ती ओठ हलवत मोजते.
"सहा," म्हणते.
थोडा वेळ काहीच बोलत नाही.
"आवडल्या नाहीत का रे?"

पाच शेंड्या रुमालात,
कोटाच्या खिशात, अजून कोमट.

रात्रीच्या विमानाचा पाहुणा मागे बसतो,
नाक वर करतो.
"काय मस्त वास येतोय! कुठला?"
मी गिअर टाकतो.
"नदीकाठी एक गच्ची आहे," म्हणतो.