वाऱ्याची नोंद

मे महिना. कायानीच्या ट्रॅककडेला अजून मळका बर्फ,
फावड्याने ढकलून ठेवलेला.
पन्नास मीटरच्या खुणेपाशी मी स्टूल मांडलं,
यंत्र तिपाईवर चढवलं, छातीइतक्या उंचीवर.
शंभर मीटरला दहा सेकंद वारा मोजायचा,
माझी नोकरी एवढीच, तीही बिनपगारी.

ओनेर्वा बेकरीतली, पहाटे तीनला उठणारी.
जूनमध्ये बारा एकेचाळीस, मग बारा बावीस,
आणि जुलैत एकदम अकरा अठ्ठ्याण्णव!
ती उड्या मारत असताना मी लिहिलं:
दोन पूर्णांक एक.
दोनपर्यंतच चालतो.
ती आली, आकडा पाहिला, म्हणाली, "एवढासा?"

त्या रात्री दहा हजार मीटर.
दहा वाजले तरी ऊन हलायला तयार नाही.
यंत्र पेटीत गेलेलं;
लांब पल्ल्याचा वारा कुणी लिहीत नाही.
एका बाजूला छातीवर, दुसऱ्या बाजूला पाठीवर,
हिशेब फिटतो म्हणे.
पंचवीस फेऱ्या मी एल्यासचे खांदे बघत बसले.
फिटत नव्हता.

सप्टेंबर. सहा प्रेक्षक, एक कुत्रं.
वारा शून्य पूर्णांक शून्य.
ओनेर्वा, बारा शून्य चार.
वहीत वाकून पाहिलं तिने,
"हे तरी माझं," म्हणाली,
आणि राईचा अर्धा पाव माझ्या मांडीवर ठेवून गेली.

एल्यास बुटांचे खिळे काढत होता.
"जुलैत, त्या रात्री, किती होता?"
मी म्हटलं, बराच.