शेकायची पिशवी

रुवीतलं हे चौथं मेडिकल.
‘शेकायची पिशवी आहे? रबराची,’
मी पोटावर हात ठेवून खुणावते.
मल्याळी पोरगा लाजतो,
बर्फाची पिशवी पुढे सरकवतो.
बाहेर सेहेचाळीस.

मिळाली ती सुईदोऱ्याच्या दुकानात,
कापडी उंटांमागे धूळ खात,
लाल, बुचाला सुतळी.
म्हाताऱ्यानं किंमत आठवून पाहिली,
मग दीड रियाल म्हणाला, अंदाजानं.

खोलीवर प्रणोती
एसीखाली, गुडघे पोटाशी.
पातेलं चढवलं तर गॅस संपलेला.

थंडचा नळ सोडला.
गच्चीवरच्या टाकीतलं पाणी,
बोटं पोळली.
नरसाळं नव्हतं, अर्धं सांडलंच.

‘एवढ्यात उकळलं?’
प्रणोतीनं डोळे न उघडता विचारलं.

सकाळपासून उकळतंय, म्हटलं,
सरक जरा.